गोविंदराव टेंब्यांवरचा एकपात्री: संहितेपासून पेटीच्या भात्यापर्यंत

संगीतकारावरच्या एकपात्रीची पहिली संहिता बहुतेक वेळा चरित्रकोशातल्या नोंदीसारखी उतरते. ५ जून १८८१ ला जन्म, अमुक साली अमुक नाटक, ९ ऑक्टोबर १९५५ ला निधन. गोविंदरावांच्या बाबतीत हा मोह जरा जास्तच होतो, कारण माणसानं काय काय केलं! पेटीवादन, नाटकांच्या चाली, नट म्हणून भूमिका, कंपनीची भागीदारी, बोलपट, संगीतिका, आत्मपर लेखन, वर गायक अल्लादियाखाँसाहेबांचं चरित्र. हे सगळं सांगायला निघालात तर सव्वा तासात फक्त यादी वाचून होईल.

म्हणून आधी एक चाळणी लावा. जे पेटीवर वाजवून दाखवता येत नाही त्याला संहितेत एका वाक्याची जागा, फार तर दोन. प्रेक्षकाला टेंब्यांचं आयुष्य पुस्तकात वाचता येईल, पण चाल कशी बांधली जाते हे डोळ्यांदेखत फक्त तुम्हीच दाखवू शकता.

या चाळणीतून पाच मुक्काम उरतात. पहिला, कोल्हापुरातली उमेदवारी आणि गायक भास्करबुवा बखल्यांना पेटीची साथ. दुसरा, अल्लादियाखाँसाहेबांचं गाणं कानावर पडणं. तिसरा आणि सगळ्यांत मोठा, ‘मानापमान’: १९११ साली किर्लोस्कर मंडळीनं रंगभूमीवर आणलेलं खाडिलकरांचं नाटक. चौथा, १९१३ ची गंधर्व नाटक मंडळी. बालगंधर्व, गणपतराव बोडस आणि टेंबे या तिघांनी ती काढली आणि पुढे टेंबे तिच्यातून वेगळे झाले. पाचवा, पुन्हा कोल्हापूर: प्रभात फिल्म कंपनीचा १९३२ चा बोलपट ‘अयोध्येचा राजा’. त्यात हरिश्चंद्राची भूमिका त्यांची आणि संगीतही त्यांचंच. यापलीकडे ‘महाश्वेता’, ‘जयदेव’ या संगीतिका शेवटच्या दहा मिनिटांत ओझरत्या आल्या तरी पुरे.

पाचही मुक्कामांना सारखा वेळ देऊ नका. मध्यंतर न घेता ८० मिनिटांचा प्रयोग धरला तर ‘मानापमान’ला २५ ते २८ मिनिटं द्या. गंधर्व मंडळीची फाटाफूट सहा मिनिटांत आटोपा. त्या भांडणात रस घेणारे प्रेक्षक भेटतात, पण ते ऐकायला नाही, आपलं मत सांगायला आलेले असतात.

हिशेब असा: बोलणं ४५ मिनिटं, वाजवणं-गाणं २८, उरलेली सात मिनिटं हालचालीत आणि थांबण्यात. रंगमंचावर मराठी सावकाश, स्वच्छ बोललं तर मिनिटाला १०० ते ११० शब्द होतात. म्हणजे संहिता साडेचार ते पाच हजार शब्दांची. त्याहून लांब झाली की नट वेग वाढवतो, आणि वेग वाढला की पहिला बळी पेटीचा जातो, कारण घाईत बोललेल्या वाक्यानंतर लय हाताला सापडत नाही.

कुणाची चाल, कुणाचा हक्क

बालगंधर्वांनी गायलेलं प्रत्येक पद टेंब्यांच्या खाती जमा करणं ही नेहमीची चूक. ‘स्वयंवर’च्या (१९१६) चाली भास्करबुवांच्या. ‘नरवर कृष्णासमान’ कितीही आवडत असलं तरी या प्रयोगात ते टेंब्यांची चाल म्हणून येऊ शकत नाही. कोल्हापूरच्या प्रेक्षकांत हे जाणणारा निदान एक तरी गृहस्थ तिसऱ्या रांगेत असतोच, आणि तो प्रयोग संपायची वाट पाहत नाही. ‘मानापमान’मधली ‘नाही मी बोलत नाथा’, ‘या नवनवल नयनोत्सवा’, ‘युवतिमना दारुण रण’, ‘चंद्रिका ही जणू’ ही पदं निःशंक घ्या. मात्र प्रत्येक पदाची चाल जुन्या ध्वनिमुद्रिकेवरून बसवा. आजच्या मैफलीत ऐकू येणाऱ्या पदांवर नंतरच्या गायकांनी इतके थर चढवलेत की मूळचा सांगाडा दिसत नाही. त्यातही एक सोय आहे. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावत, त्यामुळे चाल तिथे आटोपशीर मिळते. प्रयोगातही पद तीन-साडेतीन मिनिटांचंच ठेवा.

कायद्यानं लेखक आणि संगीतकाराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून ६० वर्षं चालतो. खाडिलकर १९४८ साली गेले, टेंबे १९५५ साली. तेव्हा पदांचे शब्द २००९ पासून आणि टेंब्यांच्या चाली व त्यांचं स्वतःचं लेखन २०१६ पासून खुलं आहे. आत्मपर लेखनातले उतारे त्यांच्याच तोंडी घालता येतात, आणि ते घालावेतच, कारण गद्य चांगलं आहे. पण नंतरच्या चरित्रकारांची वाक्यं, अलीकडच्या चित्रपटातल्या नव्या चाली आणि ६० वर्षांच्या आतली ध्वनिमुद्रणं यांना हात लावायचा तर परवानगी लागते.

संहिता पक्की झाली की ती रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे पाठवून प्रमाणपत्र घ्या. प्रयोगाची तारीख जाहीर करण्याआधी हे उरका. नाट्यगृहाच्या कार्यालयात त्याची प्रत मागतात.

सांधा

या प्रकारचे प्रयोग पडतात ते बहुधा गाण्यात नाही, बोलण्यातही नाही. बोलणं संपून गाणं सुरू होतं त्या चार-पाच सेकंदांत. नट मोठ्या आवेशात वाक्य संपवतो, पेटीशी बसतो, घसा खाकरतो, सूर लावतो. तोवर प्रेक्षागृहातली हवा गेलेली असते.

याचा इलाज संहितेतच करावा लागतो. गाण्याआधीचं शेवटचं वाक्य आठ शब्दांच्या आत ठेवा. लांब वाक्यानं श्वास संपतो आणि पहिलाच षड्ज (सा) कापतो. भावनेचा कळस गाण्याच्या तोंडावर ठेवू नका, त्याच्या दोन वाक्यं आधी ठेवा आणि मग आवाज खाली आणा. रंगमंचावर बोलताना पुरुषाचा आवाज नकळत दोन-तीन स्वर वर चढतो. त्या चढलेल्या आवाजात कान षड्ज विसरतो. म्हणून दोन वाक्यं आधीच तानपुऱ्याचा सूर हळूच सुरू करा आणि उरलेली वाक्यं त्या सुराच्या अंगानं बोला. गायची नाहीत, बोलायचीच, पण शेवटचा शब्द षड्जावर किंवा पंचमावर टेकला पाहिजे. हे जमायला दोन आठवडे रोज अर्धा तास नुसते सांधेच घटवा. एकूण नऊ-दहा सांधे असतात. पूर्ण संहिता रोज म्हणण्यापेक्षा हे जास्त कामाला येतं.

उलटा सांधा, म्हणजे गाण्यातून बोलण्यात येणं, तुलनेनं सोपा. तिथे टाळ्यांचा धोका असतो. टाळी पडू द्यायची नसेल तर समेवर थांबू नका. सम गाठण्याआधीच मुखडा मध्येच सोडून बोलायला लागा. टाळी हवी असेल तर सम, तबल्यानं घेतलेली छोटी तिहाई (एकच बोल तीनदा वाजवून समेवर येणं), आणि पट्टीवरून हात पूर्ण उचलून मांडीवर. हात पट्टीवरच राहिला तर लोक थांबून राहतात.

‘मानापमान’चा प्रवेश या कौशल्यावरच उभा आहे. या नाटकातल्या कितीतरी चालींनी पूरब अंगाची ठुमरी, दादरा, कजरी यांचा बाज मराठी रंगभूमीवर आणला. हे वाक्य व्याख्यानासारखं उच्चारलंत तर कुणाच्या लक्षातही राहणार नाही. त्याऐवजी एकच ओळ तीनदा वाजवा. पहिल्यांदा नुसते स्वर, एकेक पट्टी सुटी, शाळेतल्या प्रार्थनेसारखी. दुसऱ्यांदा ठुमरीच्या अंगानं, शब्दांशिवाय. तिसऱ्यांदा मराठी शब्दांसह, आणि इथे नेमकी जागा दाखवायची: ‘नाही मी बोलत नाथा’ मधल्या ‘नाही’वर लाडिक नकार कुठल्या स्वराच्या वळणात बसलाय ते. तिन्हींच्या मध्ये एकेक वाक्य, जास्त नाही. प्रेक्षकांतली माणसं दुसऱ्या फेरीला मान हलवतात आणि तिसरीला स्वतःच गुणगुणतात. गुणगुणू द्या.

दुसऱ्या फेरीतली मेख हातात आहे. पेटीवर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड घसरणं, निघत नाही; स्वर पायऱ्यांनीच बदलतो. ती घसरण भासवायची तर पहिली पट्टी पूर्ण सुटायच्या आत दुसरी दाबायची, वरचा कणस्वर (मुख्य स्वराला चाटून जाणारा स्वर) निसटता लावायचा आणि त्याच क्षणी डाव्या हाताचा भाता किंचित सैल सोडायचा, म्हणजे दुसरा स्वर आधीच्यापेक्षा मऊ येतो. भाता एकसारखा जोरात मारत राहिलात तर कितीही कणस्वर घ्या, वाजणार बॅण्डच. टेंब्यांची कीर्ती पेटी गाती करण्याची होती. ती पुसट का होईना, ऐकू यायला हवी.

पेटी कुठली

त्या काळच्या रंगभूमीवर पायपेटी होती, म्हणून पायपेटीच हवी असा हट्ट धरणारे असतात. चालू स्थितीतली मिळाली तर उत्तमच: पाय भाता मारतात, हात मोकळे राहतात, एका हातानं सूर धरून दुसऱ्यानं अभिनय करता येतो. पण जुन्या पायपेटीचं भात्याचं कापड उंदरांनी खाल्लेलं असतं, पायट्या करकरतात, आणि सूर हल्लीच्या पट्टीला जुळत नाहीत. तबला त्या सुरात मिळवायला गेलं तर पुडी (तबल्यावरचं कातडं) तरी फाटते नाहीतर आवाज बसका होतो. अशी पेटी नुसती शोभेला ठेवायची असेल तर तिच्यावर वाजवल्याचं नाटक करू नका. पट्टी कधी दबली आणि सूर कधी आला हे लोकांना दिसतं.

हातपेटी घ्यायची तर खर्ज-नर अशा दोन संचांची, साधी. स्केलचेंजर, म्हणजे पट्टीफलक सरकवून सूर बदलणारी पेटी, टाळा. टेम्पोतून नेताना सरकता पट्टीफलक हलतो आणि ऐन प्रयोगात दोन पट्ट्या एकदम दबतात. पुरुष गायक-नटाला षड्ज म्हणून काळी एक किंवा काळी दोन साधारण झेपते. एरवी मैफलीत ज्या पट्टीत गाता त्याहून अर्धा स्वर खाली घ्या, कारण इथे ४५ मिनिटं बोललेला घसा गाणार आहे. बाईनं हा प्रयोग केला तरी काही बिघडत नाही, निवेदिका म्हणून तो उलट मोकळा होतो. मग काळी चार-पाचचा हिशेब.

सगळ्यांत अवघड पद तिसाव्या ते चाळिसाव्या मिनिटाच्या दरम्यान ठेवा. त्याआधी आवाज तापलेला नसतो आणि साठाव्या मिनिटानंतर तो थकतो.

कोल्हापूरचा पावसाळा पेटीचा वैरी. जून ते सप्टेंबर लाकूड फुगतं आणि पट्ट्या शेजारच्या पट्टीला घासून खालीच अडकतात. पेटी जमिनीवर न ठेवता कपाटात, सिलिका जेलच्या आठ-दहा पुड्यांसह ठेवा आणि आठवड्यातून तीनदा तरी वाजवा. एखादा सूर मुका झाला तर बहुतेक वेळा त्याची जीभ मोडलेली नसते, पितळी सुराच्या फटीत कापसाचा धागा अडकलेला असतो. झाकण काढा, सुराखाली पातळ कागदाची पट्टी अलगद फिरवा आणि फुंकर मारा. सुरीचं टोक घालू नका, सूर वाकला की कारागिराशिवाय इलाज नाही. प्रयोगाला दुसरी पेटी त्याच पट्टीत लावलेली, विंगेत, झाकण उघडून तयार असू द्या.

तबला ध्वनिमुद्रित लावायचा की माणूस बसवायचा? माणूस बसवा. एकपात्री म्हणजे नट एक. साथीला कुणी असू नये असा नियम नाही. मुद्रित ठेक्याबरोबर नटाला थांबता येत नाही, आणि या प्रयोगात थांबण्यातच निम्मी गंमत आहे. तबलजींना नटाच्या डाव्या बाजूला, प्रकाशाच्या कडेला, नटाचा उजवा हात दिसेल असं बसवा. तानपुरा यंत्रावर चालेल, पण त्याचा सूर पेटीला जुळवा. पेटी यंत्राला जुळवता येत नाही.

मांडणी, माइक, दिवे

पेटी मध्यभागी आणि सरळ ठेवली की प्रेक्षकांना भात्याची पाठ दिसते आणि बोटं झाकली जातात. ती मध्यापासून चार फूट बाजूला, सुमारे ४५ अंशात वळवून ठेवा, म्हणजे चेहरा आणि पट्ट्या दोन्ही दिसतील. आठ-नऊ इंचांचा चौरंग पुरतो. दुसऱ्या बाजूला एक खुर्ची आणि लिहिण्याचं ढाळतं मेज, बस. याहून जास्त सामान आणलंत तर ते वापरावं लागतं.

नटाला डोक्यावरून येणारा बारीक माइक द्या. कॉलरमाइक पेटीवर वाकलं की दाबला जातो. पेटीला वेगळा माइक, सूर बाहेर पडतात त्या बाजूला २० ते ३० सेंटिमीटरवर. भात्याच्या तोंडाशी ठेवलात तर प्रत्येक झटक्याला फुस्स ऐकू येतं. नटाच्या माइकमध्येही पेटी शिरतेच, म्हणून आधी दोन्ही माइक चालू ठेवून नटाला गायला-वाजवायला लावा आणि मग पेटीचा माइक कमी करत न्या. तंत्रतालमीत उलट क्रमानं, आधी पेटी एकटी मस्त वाजवून घेतली की प्रयोगात शब्द बुडतात. बोलताना पेटीचा माइक पूर्ण बंद करू नका; बंद-चालूचा ‘टप्’ ऐकू येतो, नुसता खाली घ्या.

दिव्यांचे बदल सात-आठच ठेवा. डिमर आणि ध्वनियंत्रणा एकाच फेजवर असली की दिवे मंद झाल्याबरोबर स्पीकरमध्ये गुणगुण येते, आणि नेमके शांत प्रवेशच मंद प्रकाशात असतात. नाट्यगृहाच्या वीजवाल्याला दुपारीच सांगून दोन्ही वेगवेगळ्या फेजवर घ्या. आत पंखा घरघरणारे एलईडी दिवे पेटीच्या डोक्यावर टांगू नका.

प्रभातचा प्रवेश दिव्यांनी सहज उभा राहतो. पार्श्वगायन अजून यायचं होतं, त्यामुळे नट कॅमेऱ्यासमोर स्वतःच गात असे आणि साथीदार चौकटीबाहेर लपून वाजवत. एक पांढरा, कडक दिवा आणि त्याखाली न हलता उभा नट. माइकपासून दूर गेलं की आवाज जातो या भीतीनं मान न वळवता गायचं. तबलजी काळोखात. एवढ्यात काळ कळतो, मागे छायाचित्रं फिरवायची गरज नाही.

आणखी एक जागा बहुतेक जण सोडून देतात. १९४० साली रेडिओनं पेटीवर बंदी घातली. ज्याचं अर्धं आयुष्य पेटीवर गेलं त्याच्या हयातीतली ही गोष्ट. इथे पेटीचं झाकण लावून दीड मिनिट नुसतं बोला. अख्ख्या प्रयोगात मागे तानपुरा नसलेला हा एकच भाग ठेवा.

पोशाख आणि भाषा

लांब कोट, धोतर, डोक्याला त्या काळाचा रुमाल किंवा पगडी. पर्यटकांना घालतात तसला कोल्हापुरी फेटा नको. धोतर नेसून मांडी घालणं, उठणं, पुन्हा बसणं ही तालीम पहिल्या महिन्यातच सुरू करा. शेवटच्या आठवड्यात धोतर आणलं की सोगा भात्यात जातो. करकरणारी कोल्हापुरी वहाण झोकात दिसते, पण लाकडी रंगमंचावर माइक ती उचलतो. एका प्रवेशापुरती वापरा आणि पेटीशी येण्याआधी उतरवा, बैठकीचा रिवाजही तोच.

टेंब्यांच्या तोंडी हशा पिकवायला ‘काय लेका’ घालणं चुकीचं आहे. त्यांचं लेखन शैलीदार, किंचित मिस्कील आहे. बोलणं त्याच्याच जवळ ठेवा. भास्करबुवा, खाँसाहेब, नारायणराव (बालगंधर्व) ही माणसं नकलेनं उभी करू नका. विशेषतः बालगंधर्वांची नक्कल प्रेक्षकांच्या कानातल्या मूळ आवाजापुढे उघडी पडते. त्यांना ऐकणारे टेंबे दाखवा: पेटीवर बोटं, नजर विंगेकडे, ओळ संपेपर्यंत थांबलेला भाता. खाँसाहेबांचं हिंदी चार-सहा वाक्यांत आवरा.

जागा, तारीख, वन्समोअर

पहिले दोन-तीन प्रयोग दीडशे-दोनशे माणसांच्या बैठकीत करा. देवल क्लबसारख्या गाण्याच्या जागी ऐकणारा कान मिळतो. दसरा चौकातलं शाहू स्मारक भवन मधल्या आकाराला सोयीचं. १९१५ साली शाहू महाराजांनी उभारलेल्या केशवराव भोसले नाट्यगृहाचं ऑगस्ट २०२४ च्या आगीत फार नुकसान झालं. तिथे प्रयोग धरायचा तर तारीख घेण्याआधी पुनर्बांधणीचं काम कुठवर आलंय ते समक्ष पाहून या आणि ध्वनीची चाचणी नव्यानं करा.

जुलैअखेर ते ऑगस्टच्या मध्यापर्यंत तारीख घेऊ नका. पंचगंगा चढली की बाहेरगावचे रस्ते बंद होतात आणि गावातलाही माणूस घराबाहेर पडत नाही. चैत्रातली जोतिबाची यात्रा आणि अंबाबाईचा नवरात्रही टाळा. फुटबॉलच्या हंगामात शाहू स्टेडियमवर पेठांचा मोठा सामना असेल त्या संध्याकाळी तर तिकीटविक्रीची आशाच सोडा.

नाट्यपदांना इथे वन्समोअर मिळतो, आणि तो मिळणार हे धरून चाला. आधीच ठरवा की तो एकाच पदाला घ्यायचा, आणि त्यासाठी वेगळा बसवलेला एखादा अंतरा राखून ठेवा. संपूर्ण पद पुन्हा नाही. दोन मिनिटांत मुखड्यावर या. बाकीच्या वेळी नुसतं नमस्कारावर भागवा, टेंब्यांच्याच भूमिकेत राहून. भूमिका सोडून ‘धन्यवाद’ म्हणालात की पुढचा प्रवेश परत पहिल्यापासून उभा करावा लागतो.

प्रयोगाच्या दिवशी तबला तीन तास आधी नाट्यगृहात न्या आणि वातानुकूलन चालू असतानाच मिळवा, कारण थंडीनं पुडी बदलते. पेटीही तेव्हाच उघडून ठेवा. प्रत्येक प्रयोगाचं साधं ध्वनिमुद्रण करून मुक्कामागणिक वेळ लिहा. चौथ्या-पाचव्या प्रयोगापर्यंत बोलणं हमखास चार-सहा मिनिटांनी वाढतं, हशा मिळालेल्या जागांवर पदरची वाक्यं चिकटतात म्हणून. ती काढा, गाण्याला हात लावू नका.